विश्लेषण : दीर्घकाळचा ताण स्त्रीच्या शरीरावर कोणत्या खुणा सोडतो? डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आयुष्य काय सांगते?

नागपूर : पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे क्षयाने निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या या पहिल्या मराठी महिला डॉक्टरची कहाणी शाळेच्या पुस्तकापासून चित्रपटापर्यंत सर्वत्र सांगितली गेली. मात्र ती बहुतेक वेळा जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते. त्या जिद्दीची किंमत त्यांच्या शरीराने कशी मोजली, याकडे फारसे लक्ष जात नाही. वर्षानुवर्षांच्या ताणाचे शरीरावर काय परिणाम होतात आणि ते कोणत्या चाचण्यांतून दिसतात, हे आजचे विज्ञान बरेचसे सांगू शकते. ते समजून घेण्यासाठी आनंदीबाईंच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण.

बालपण कसे होते?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्याची एके काळची सुबत्ता ओसरू लागली होती. वडील गणपतराव मुलीचे लाड करत, पण आई कडक शिस्तीची होती आणि ती मुलीला मारत असे. आईच्या या माराची आठवण आनंदीबाईंनी पुढे मोठेपणी सांगितली आहे.

वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, विधुर आणि वयाने जवळजवळ २० वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे, हा त्यांचा ध्यास. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली आणि अभ्यास सुरू झाला. त्या काळात नवऱ्याने बायकोला शिकवणे हीच मोठी बंडखोरी होती. पण या शिकवण्याला दुसरी बाजूही होती. अभ्यासात कुचराई दिसली की गोपाळराव हात उगारत. लाकडाने मारणे, खुर्ची फेकणे, सोडून जाण्याची धमकी देणे हे सारे घडत होते. अमेरिकेत गेल्यावर आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात दहाव्या, बाराव्या, चौदाव्या वर्षीच्या या प्रसंगांची त्यांना स्पष्ट शब्दांत आठवण करून दिली. ज्याने शिकवले त्याचीच भीती वाटावी, असे ते नाते होते.

बालपणीच्या ताणाचे शरीरात नेमके काय होते?

धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो. पिट्युटरी मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना जागे करते आणि त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. साखर वाढते, रक्तदाब चढतो, शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. धोका टळला की कॉर्टिसॉल मेंदूला थांबण्याचा इशारा देते आणि यंत्रणा शांत होते. ही व्यवस्था प्राण वाचवण्यासाठी आहे.

अडचण येते ती धोका घरातच असेल आणि रोजचा असेल तेव्हा. यंत्रणा वारंवार चालू होते आणि थांबण्याचा इशारा हळूहळू निष्प्रभ ठरतो. लहानपणी मेंदू घडत असताना हे झाले तर परिणाम दीर्घकाळ राहतात. अमेरिकेत हजारो प्रौढांची पाहणी करून १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी मारहाण किंवा घरातील हिंसा जितक्या प्रकारांनी अनुभवली, तितका पुढच्या आयुष्यात हृदयविकार, फुप्फुसाचे आजार आणि नैराश्य यांचा धोका अधिक, असे त्यात दिसले.

बाळाच्या मृत्यूने काय बदलले?

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात राहिली. पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला बायका तयार नसत आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. डॉक्टर होण्याचा त्यांचा निर्धार या दुःखातून आला.

कोवळ्या वयातले बाळंतपण हा शरीरावरचा वेगळा भार असतो. मुलीची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नसते. लोह, कॅल्शियम, प्रथिने यांसाठी आई आणि बाळ यांच्यात ओढाताण होते. त्या काळी कायद्याने संमतीवय दहा वर्षे होते; ते बारा व्हायला १८९१ साल उजाडावे लागले. आनंदीबाई अपवाद नव्हत्या. त्यांच्या पिढीतील असंख्य मुली याच वाटेने गेल्या आणि त्यांतील कित्येक बाळंतपणातच दगावल्या.

आजारपण कधी सुरू झाले?

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कोलकाता, बराकपूर, सेरामपूर अशी आनंदीबाईंची फरफट झाली. बायकोला बरोबर घेऊन फिरायला जाणाऱ्या, तिला मिशनच्या शाळेत घालणाऱ्या या जोडप्याकडे लोक रस्त्यात थांबून पाहत, हसत, टोमणे मारत. बंगालमध्ये नवरा-बायकोने उघड्यावर एकत्र चालणे लोकांना आणखीच खटकले.

कोलकात्याला असतानाच आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, अशक्तपणा, कधी श्वास लागणे अशा तक्रारी सुरू झाल्या. त्या वेळी त्या १६-१७ वर्षांच्या होत्या. अमेरिकेतील थिओडिशिया कार्पेंटर या महिलेने गोपाळरावांचे एक पत्र मिशनच्या मासिकात वाचले होते. ते वाचून तिने आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला आणि औषधेही पाठवली, पण गुण आला नाही.

या तक्रारींचे निदान आज करता येणार नाही. क्षयाची ती सुरुवात असेल, रक्तक्षय असेल किंवा दोन्ही असतील. आनंदीबाईंचे शरीर उरलेले नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पॉकिप्सी येथील दफनभूमीत ठेवल्या गेल्या. कोणतीही प्रयोगशाळा त्यांची तपासणी करू शकत नाही. हाती आहेत ती त्यांची पत्रे आणि समकालीनांच्या नोंदी. मात्र अशाच परिस्थितीत जगणाऱ्या स्त्रीची आज तपासणी केली तर काय पाहिले जाईल, हे सांगता येते.

आज कोणत्या खुणा तपासल्या जातात?

‘स्ट्रेस’ हा शब्द शरीरशास्त्रात रूढ केला तो हान्स सेली या शास्त्रज्ञाने. त्याचा पहिला गाजलेला निबंध १९३६ चा, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर जवळपास ५० वर्षांनी आलेला. पुढे १९९३ मध्ये ब्रूस मॅकइवन आणि एलियट स्टेलर यांनी ताणामुळे शरीराची होणारी साचत जाणारी झीज मोजण्याची कल्पना मांडली. सतत ओझे वाहणाऱ्या बैलगाडीची चाके, आस, जू सगळेच थोडे थोडे झिजते, तसेच हे. म्हणून एकच चाचणी पुरत नाही, अनेक खुणा एकत्र पाहाव्या लागतात.

अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दहा खुणा एकत्र केल्या गेल्या : वरचा आणि खालचा रक्तदाब, कंबर आणि नितंब यांच्या घेराचे प्रमाण, एकूण कोलेस्टेरॉल, चांगले कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी, डीएचईए-एस हे संप्रेरक आणि लघवीतील कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन व नॉरअ‍ॅड्रिनलिन. नंतरच्या अभ्यासांत शरीरातील दाह दाखवणारी सीआरपी ही प्रथिने आणि इंटरल्यूकिन-६ यांची भर पडली.

कॉर्टिसॉलची पातळी दिवसभर सारखी नसते. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या तासात ती सर्वात वर जाते आणि रात्री तळाला येते. दीर्घकाळच्या ताणात हा चढउतार सपाट होत जातो. सकाळी उठताना अंगात त्राण नसते आणि रात्री झोप येत नाही. लाळेचे नमुने दिवसातून अनेकदा घेऊन हा आलेख काढतात. केसांतूनही कॉर्टिसॉल मोजता येते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे मुळाजवळचे तीन सेंटिमीटर केस मागच्या तीन महिन्यांचा हिशेब सांगतात.

पेशींच्या पातळीवरची खूण म्हणजे टेलोमिअर. बुटाच्या नाडीच्या टोकाला असते तशी गुणसूत्राच्या टोकाला संरक्षक टोपी असते. वय वाढते तशी ती आखूड होते. एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी २००४ मध्ये ५८ निरोगी मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ३९ जणींची मुले दीर्घ आजारी होती. ज्यांना सर्वाधिक ताण जाणवत होता त्यांचे टेलोमिअर सर्वात कमी ताण असलेल्यांपेक्षा इतके आखूड होते, की पेशींचे वय किमान दहा वर्षांनी अधिक भरावे. ब्लॅकबर्न यांना टेलोमिअरच्या मूलभूत संशोधनासाठी २००९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्त्रियांच्या बाबतीत वेगळे काय?

या खुणा वाचताना स्त्रीच्या शरीराचे स्वतःचे चक्र लक्षात घ्यावे लागते. गर्भारपणात कॉर्टिसॉल नैसर्गिकरीत्याच वाढते. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तातील एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसते, ताण नसला तरी. मासिक पाळीचा टप्पा, बाळंतपण, रजोनिवृत्ती यांनीही आकडे बदलतात. केसांना रंग लावला असेल तर त्याचा परिणाम वेगळाच. म्हणून एका दिवशीच्या कॉर्टिसॉलच्या आकड्यावरून ताणाचे निदान होत नाही.

दुसरे म्हणजे ताणाचे स्वरूप. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणे, झोपेची कमतरता, घरातील हिंसा, आजाऱ्याची सेवा यांपैकी काहीच एकदा येऊन जाणारे संकट नसते. ते रोजचे असते आणि त्याला कुणी ताण म्हणतही नाही.

अमेरिकेत काय घडले?

प्रकृती बरी नसतानाही आनंदीबाईंनी परदेशी जाण्याचे ठरवले. समाजाचा विरोध वाढल्यावर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी जाहीर भाषण केले. भारतात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी ठामपणे मांडले. ७ एप्रिलला त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या, नवऱ्याविना. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८.

पहिला उन्हाळा कार्पेंटर कुटुंबाकडे न्यू जर्सीतील रोझेल येथे गेला. थिओडिशियांना त्या मावशी म्हणत. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांना मायेचे, धाक नसलेले घर मिळाले. शरद ऋतूत फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश झाला. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली.

फिलाडेल्फियातील थंडी मात्र बाधली. साडी सोडायची नाही, मांसाहार करायचा नाही, हे पथ्य त्यांनी पाळले. राहत्या खोलीतील शेकोटी धड पेटत नसे आणि खोलीत धूर कोंडे. थंडी की धूर, एवढीच निवड होती. पुरेसे अन्न नाही, अभ्यासाचा रगाडा, परके वातावरण आणि भारतातून येणारी गोपाळरावांची संशय व टोचणीने भरलेली पत्रे. त्यातच घटसर्प झाला. त्यातून त्या वाचल्या, पण अशक्तपणा राहिला.

तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या आजारी अवस्थेतच. पुण्यात उपचार झाले, पण एकाही रुग्णाला तपासण्याआधी सारे संपले.

त्यांना ताणाने मारले का?

नाही. क्षय जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले होते, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या वर्षभर आधी. त्यावर उपयोगी पडणारे पहिले प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, मात्र १९४० च्या दशकात आले. मधल्या काळात गरीब-श्रीमंत, सुखी-दुःखी सगळेच या रोगाने जात होते.

पण जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग होतोच असे नाही. जगातील सुमारे पाव लोकसंख्येला क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेला आहे. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला आयुष्यभर कोंडून ठेवते. ती पकड सैल झाली तरच रोग उफाळतो. पकड सैल करणारे सर्वात मोठे कारण कुपोषण. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक आहार देऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरातील नव्या रुग्णांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

ताणाचाही यात वाटा असतो. कॉर्टिसॉलच्या जातीची स्टिरॉइड औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत दबलेला क्षय जागा होऊ शकतो, हे डॉक्टर जाणतात. १९९१ मध्ये ब्रिटनमधील ३९४ स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून प्रयोग झाला. ज्यांच्यावर ताण अधिक, त्यांना संसर्ग अधिक, असा निष्कर्ष निघाला. आनंदीबाईंच्या बाबतीत कुपोषण, कोवळ्या वयातले बाळंतपण, थंडी, धूर, घटसर्प आणि दीर्घ ताण हे सगळे एकाच शरीरावर आले. त्यांतील कुणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

सोसूनही काही जणी तगतात, ते कसे?

याचे उत्तर नागपुरातच आहे. कमलाताई होस्पेट यांचा जन्म १८९६ चा. बालविवाह झाला आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आले. त्यांनी नागपुरात परिचारिकेचे शिक्षण घेतले. सहकारी वेणूताई नेने यांच्याबरोबर १९२१ मध्ये सीताबर्डीत छोटे प्रसूतिगृह काढले. तीच मातृ सेवा संघाची सुरुवात. आनंदीबाईंना जी मदत मिळाली नाही, ती विदर्भातील हजारो बायकांना या संस्थेने दिली. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८१ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दोन आयुष्यांवरून नियम काढता येत नाही. मात्र ताणाच्या संशोधनात एक गोष्ट वारंवार दिसते. आपल्या दिवसावर आपला थोडा तरी ताबा असणे, बरोबरीच्या माणसांची साथ असणे आणि पोटभर अन्न मिळणे, यांनी तोच ताण शरीराला कमी झिजवतो. आनंदीबाईंना रोझेलमध्ये हे काही महिने मिळाले. कमलाताईंनी ते स्वतःसाठी आणि इतरांसाठी उभे केले.

आज परिस्थिती काय आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारजणींमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा अनुभवली होती. आनंदीबाईंच्या शरीराने सोसलेल्या बहुतेक गोष्टी आजही इथेच आहेत.

मग तपासायचे काय आणि करायचे काय?

केसांतील कॉर्टिसॉल आणि टेलोमिअर या सध्या संशोधनाच्या चाचण्या आहेत. जाहिरात पाहून त्यांवर हजारो रुपये घालवण्याची गरज नाही. उपयोगी चाचण्या साध्या आणि सरकारी रुग्णालयातही होणाऱ्या आहेत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, एचबीएवनसी ५.७ किंवा त्याहून जास्त, कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक, हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवावे. गर्भवतींसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ११ आहे.

आकड्यांइतकेच महत्त्व इतर चिन्हांना आहे : महिनोन्महिने न लागणारी झोप, कारण न सापडणारी डोकेदुखी, अनियमित पाळी, भूक मरणे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप असेल तर क्षयाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. मन मोकळे करायचे असेल तर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध आहे. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

कोलकात्यात असताना आनंदीबाईंच्या शरीराने डोकेदुखी, ताप, अशक्तपणा अशा सूचना दिल्या होत्या. तेव्हा त्या ओळखण्याचे साधन नव्हते. आज ते आहे. घरातील बाईने अंगावर काढलेल्या दुखण्याची दखल वेळेत घ्यायला हवी.